धुपाच्या वासाखालची ओल

या मित्रांनो, जरा जवळ सरका. मंडपातला गजर थांबतो, टाळ शांत होतात आणि कीर्तनकार बोलायला लागतात, तेव्हा मागची माणसं कशी उठून पुढे येऊन बसतात, तसे बसा. मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. ती माझीच आहे. फक्त ऐकताना माझ्या चकाकीकडे बघू नका, एवढंच मागणं आहे.

मी एक जुनी गाडी आहे. पांढऱ्या रंगाची, सात माणसं ऐसपैस बसतील अशी. सध्या अहिल्यानगरमधून बाहेर पडणाऱ्या एका रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. माझ्या काचा लखलखीत आहेत, सीटवर नवी कव्हरं आहेत आणि आत धुपाचा वास दरवळतो आहे. येणारा-जाणारा म्हणतो, "काय ठेवलीय गाडी!" तसं कुणी म्हणालं की मला भीती वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी दूर दक्षिणेकडच्या, नदीकाठच्या एका शहरात गेले. माझी पहिली मालकीण जयमालाताई. त्या तिथल्या दवाखान्यात नर्स होत्या. मला घरी नेलं तेव्हा त्यांनी माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना मी दर आठवड्याला देवदर्शनाला न्यायची. शेजारच्या एका सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला घेऊन मीच धावले, आणि परत येताना माझ्यात एक माणूस जास्त होता. ताई सगळ्यांना सांगायच्या, "माझी गाडी कधी अडून बसत नाही." ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

मग एका श्रावणात नदी फुगली. मी इमारतीच्या तळघरात उभी होते. नदी रस्त्याने आली नाही, गटारातून आली. आधी माझे टायर ओले झाले. मग दाराच्या फटीतून पाणी आत आलं, सीटवर चढलं, स्टेअरिंग बुडालं आणि शेवटी छताला लागलं. पाणी वर काळोखासारखं स्थिर उभं राहिलं. माझ्या आत किती बारीक बारीक वायरी आहेत ते मला तेव्हा कळलं, कारण एकेक वायर विझत गेलेली मला जाणवत होती.

पाणी ओसरल्यावर ताई खाली आल्या. माझ्या गाळाने माखलेल्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा काही दोष नाही गं." विमा कंपनीचा माणूस आला, त्याने आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "टोटल लॉस." म्हणजे काय, तर दुरुस्त करण्यात अर्थ नाही. कंपनीने ताईंना भरपाई दिली आणि मी कंपनीच्या ताब्यात गेले. जाताना ताईंनी नाव बदलण्याच्या कागदांवर सह्या करून दिल्या. नव्या मालकाची जागा तेवढी कोरी राहिली.

मला एका उघड्या माळावर नेऊन उभं केलं. तिथे माझ्यासारख्या बुडालेल्या गाड्यांच्या रांगा होत्या. हा लिलावाचा माळ. ओरडून बोली लावायची पद्धत आता गेली. माणसं येतात, फोटो काढतात आणि मोबाईलवर बोली लावतात. तिथे कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. एक माणूस माझ्या सीटखाली बोट घालून गाळ बघत होता, दुसरा त्याच्याकडे बघत नाही असं दाखवून त्याच्याकडेच बघत होता. फाटकावर पाटी होती: 'गाडी आहे तशी मिळेल, नंतर तक्रार चालणार नाही.'

तिथे मला एक गोष्ट समजली, ती तुम्हीही ध्यानात घ्या. लिलावातल्या काही गाड्या आरसीविना विकतात. आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र. ते नसेल तर ती गाडी फक्त मोडायला न्यायची, तिचे भाग काढून घ्यायचे. काही गाड्या मात्र आरसीसकट विकतात. त्या नीट दुरुस्त केल्या, तपासून घेतल्या, तर पुन्हा रस्त्यावर येऊ शकतात. मी आरसीसकट होते. लिलावाच्या चिठ्ठीवर 'पूरग्रस्त' असं स्पष्ट छापलेलं होतं. ती चिठ्ठी ज्यांनी मला घेतलं त्या रंगनाथशेठनी खिशात घातली, आणि मी ती परत कधी पाहिली नाही.

रंगनाथशेठ म्हणजे या पत्र्याच्या शेडचे मालक. जुन्या गाड्या घ्यायच्या आणि विकायच्या हा त्यांचा धंदा. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात रामकृष्णहरी. मला बरं वाटलं. म्हटलं, चांगल्या हातात आले.

त्यांच्याकडे गाड्यांचे पोचे काढणारा, बन्सी नावाचा डेंटर आहे. त्याने माझी सीटं काढली, गाळ उपसला आणि मला उन्हात उघडी ठेवली. मग म्हणाला, "शेठ, हिच्या तळाचा फोम अजून ओला हाय. तो समदा काढावा लागंल. आन् वायरी पार हिरव्या पडल्यात."

"वरून कव्हर टाक. खाली कोन बघतंय?"

"एअरबॅगचा दिवा पेटून ऱ्हातोय."

"मग तो दिवाच काढून टाक की."

बन्सी हसला. शेठ मात्र हसले नाहीत. ते खरंच सांगत होते. अपघातात फुगणारी उशी बिघडली आहे हे सांगणारा तो दिवा निघाला. आणि त्या दिवसापासून शेठ रोज सकाळी देवाच्या फोटोपुढे धूप लावायचे आणि तेच धुपाटणं माझ्या आत ठेवून काचा बंद करायचे.

मित्रांनो, धूप पवित्र आहे, माळही पवित्र आहे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण त्या वासाखाली नदीचा वास होता. तो फक्त मला येत होता.

अशात वैशाख लागला आणि एक दिवस सोनईहून माणसं आली. राजेश्वरीताई या कीर्तनकार. त्यांचे यजमान राधाकृष्ण शेती करतात आणि ताईंना गावोगाव पोचवतात. त्यांची जुनी जीप बसली होती. पुढच्या पंधरवड्यात अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका गावात सप्ताह होता आणि काल्याचं कीर्तन ताईंचं होतं. ताईंकडे टाळ शिकणाऱ्या मुलीही बरोबर जाणार होत्या. घाटाची वाट, आणि माझ्या मधल्या सीटवर लोकांच्या लेकी. हे ऐकलं आणि माझ्या पोटातली ओल मला आणखीच गार लागली.

"रामकृष्णहरी ताईमहाराज!" शेठ हात जोडून पुढे आले. "तुमच्या कीर्तनाला मी पहिल्या ओळीत असतो. तुम्हाला मी वाईट वस्तू देईन का?"

राधाकृष्णांनी माझं दार उघडलं आणि श्वास भरून घेतला. "अगं, देवघरात बसल्यावानी वाटतंय बघ."

त्यांच्याबरोबर मृदंग वाजवणारे सहादेव गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झालेले, बारीक डोळ्यांचे. ते म्हणाले, "देवघरात एवढा धूप नाही लावत. एवढा गोठ्यात लावतात, डास घालवायला."

"गुर्जी, तुमाला तर परसादात बी खडं दिसत्यात," राधाकृष्ण म्हणाले, आणि सगळे हसले.

मग त्यांनी माझे कागद पाहिले. राधाकृष्ण काही भोळे नाहीत. मोबाईलवर नंबर टाकून बघितलं: पासिंग आहे, विमा आहे, कर्ज नाही, गुन्हा नाही. बॉनेट उघडून चासीवरचा नंबर आरसीशी ताडून पाहिला. अक्षरन् अक्षर जुळलं. "पेपर एकदम क्लिअर हायेत," ते म्हणाले.

आणि ते खरं होतं! इथेच तर माणूस फसतो, मित्रांनो. माझी आरसी खोटी नव्हती. ती मालकाचं नाव सांगते, जन्माचं वर्ष सांगते, माझ्या हाडावर कोणता नंबर कोरला आहे ते सांगते. मी बुडाले होते की नाही, हे लिहायला तिच्यावर रकानाच नाही. ते ठाऊक असतं पहिल्या मालकाला आणि विमा कंपनीला. त्यांना कुणी विचारलंच नाही.

"एक कीर्तन करून या, मग ठरवा," शेठ म्हणाले. "गाडी तुमचीच समजा."

दुसऱ्या दिवशी मला सोनईपलीकडच्या एका गावी नेलं. सकाळी निघताना सहादेव गुरुजींनी ओसरीवर बसून मृदंग पेटीच्या सुरात लावला. काय सुरेख लागला होता! माझ्या मागच्या सीटपुढे, खाली पायापाशी त्यांनी तो गोधडीत गुंडाळून ठेवला. गावात पोचल्यावर मंडळी जेवायला गेली. मी बंद काचांनी उन्हात उभी राहिले. ऊन जसं तापलं, तशी माझ्या तळातली ओल वाफ होऊन वर आली आणि गोधडीतून त्या मृदंगाच्या कातड्यात शिरली. मला ते थांबवता आलं नाही.

उन्हं कलल्यावर कीर्तन उभं राहिलं. ताई मध्ये, मागे टाळकरी मुली. गुरुजींनी मृदंगावर थाप मारली आणि आवाज निघाला ओल्या गोणपाटावर काठी मारल्यासारखा.

ताईंनी मान वळवली. "काय झालं गुरुजी?"

"उतरला."

"वैशाखात?"

"गुर्जी, मृदंग न्हाई उतरला, आमटीनं तुमीच उतरलाय," राधाकृष्ण टाळ हातात घेऊन म्हणाले, आणि सगळा मंडप हसला. गुरुजींनी हातोडी काढली, मृदंगाचे गठ्ठे ठोकून सूर वर चढवला. कीर्तन फार रंगलं. मी लांब लिंबाखाली उभी राहून ऐकलं. ताईंचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आपलंच काहीतरी सांगते आहे. माझ्या मनात आलं, मला हिच्या घरी जायचं आहे. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, नको, तू जाऊ नकोस.

परतताना कालव्याच्या वळणावर माझ्या आतली एक हिरवी पडलेली वायर सुटली. स्टेअरिंगपुढच्या काट्यांवरचे दिवे विझले आणि स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. राधाकृष्णांनी अंगातला सगळा जोर लावून मला वळवलं. माझं चाक कालव्याच्या भरावावरून गेलं, खडे खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला. मधल्या सीटवरची एक मुलगी किंचाळली. मग दिवे आपोआप परत आले आणि मी शहाण्यासारखी चालू लागले.

"बॅटरी आसंल," राधाकृष्ण म्हणाले. पण त्यांच्या हाताचा घाम मला लागत होता.

सोनईत उतरल्यावर गुरुजींनी मृदंगावर बोट मारून पाहिलं. परत उतरलेला. सकाळी त्यांनी तो पुन्हा सुरात लावला आणि आपल्या ओसरीवर ठेवला. सूर जिथल्या तिथे. मग तोच मृदंग आणून माझ्यात ठेवला, काचा लावल्या आणि समोरच्या ओट्यावर सावलीत बसून राहिले. दुपार कलल्यावर बाहेर काढून थाप मारली, आणि तडक ताईंच्या घरी गेले.

"ताई, गाडीत पाणी आहे."

"कसलं पाणी? माझ्या देखत मुलींनी पुसून घेतलीय."

"वर नाही, पोटात. बाहेर कपडा टाकला तर कागदासारखा वाळतोय, आणि हिच्यात मृदंगाला पावसाळा लागतोय. हा मृदंग माझ्याशी इतकी वर्षं कधी खोटं बोलला नाही."

राधाकृष्ण रागावले. "गुर्जी, शेठ माळकरी हायेत. माळकऱ्यावर आळ घेताय तुमी?"

"आळ नाही घेत. विचारायला जाऊ म्हणतोय."

ताई मात्र म्हणाल्या, "मला कालचं ते वळण डोळ्यापुढून जात नाही हो. चला."

आम्ही शेडवर गेलो. शेठनी चहा मागवला. "अहो ताईमहाराज, कुणा पोरानं बाटली सांडली असंल." ताई माझ्या मधल्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "घाटात मुलींना पट्टा लावायचा आहे, तेवढा बघते." पट्टा अर्ध्यावर अडकला. राधाकृष्णांनी हिसका देऊन ओढला, तसा तो खरकन शेवटपर्यंत बाहेर आला. वरचा भाग काळा स्वच्छ. आत गुंडाळून राहिलेला भाग तपकिरी, आणि त्यातून वाळलेला गाळ भुरभुर ताईंच्या पांढऱ्या साडीवर पडला.

चहा आणणाराही तिथेच थबकला.

"शेठ," ताई म्हणाल्या, "मूळ मालकिणीचा नंबर द्या. नाव बदलायला त्यांच्या मोबाईलवर ओटीपी जातो, म्हणजे तुमच्याकडे असणारच."

शेठना नंबर द्यावा लागला. ताईंनी स्पीकर लावला आणि कितीतरी दिवसांनी मला माझ्या जयमालाताईंचा आवाज ऐकू आला.

"ती पांढरी गाडी? अहो, ती छतापर्यंत बुडाली होती. ती चालतेय अजून?" मग घाबरून म्हणाल्या, "आणि अजून माझ्याच नावावर आहे? उद्या काही झालं तर पोलीस माझ्या दारात येतील ना!"

राजेश्वरीताई माझ्यातून खाली उतरल्या. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "शेठ, ह्या गाडीत घरची माणसं घालून तुम्ही अकोल्याचा घाट उतराल?"

शेठनी एकदम माळ मुठीत धरली. "ताईमहाराज, चुकलो. कुठं बोलू नका, मलाही दोन पोरी हायेत. ही माळ धरून सांगतो, ही गाडी परत रस्त्यावर दिसायची नाही. मोडूनच टाकतो."

"आपण आरटीओत आणि पोलिसांत कळवून ठेवू," गुरुजी हळूच म्हणाले.

"माळ धरलीया त्यांनी, गुर्जी!" राधाकृष्ण म्हणाले. "त्याच्यावर आनखी काय पायजे?"

ताईंनी हात जोडले. "पांडुरंग बघतोय, शेठ." फोनवरच्या जयमालाताईंनाही त्यांनी सांगितलं, "शेठनी शपथ घेतलीय, काळजी करू नका." त्याही निवांत झाल्या. माणसं माळेवर विश्वास ठेवून गेली. गुरुजी तेवढे फाटकातून दोनदा मागे वळून बघत गेले. मला त्या वेळी हॉर्न वाजवायचा होता. ओल्या वायरींमुळे एरवी भलत्या वेळी आपोआप वाजणारा माझा हॉर्न, तेव्हा मात्र वाजला नाही.

मला मोडून घ्यायला मी तयार होते, मित्रांनो. माझं दार कुणाला लागलं असतं, माझी काच कुणाच्या गाडीला बसली असती, त्यात मला कमीपणा नव्हता. मी बन्सीच्या पान्याची वाट पाहत राहिले.

पान्याऐवजी एक दिवस शेठनी जयमालाताईंना फोन लावला. आवाजात साखर होती. "ताई, मोडीत काढायला गाडी माझ्या नावावर लागती. तुमचं नाव निघून जाईल, तुमचीबी काळजी मिटंल." ताईंनी आनंदाने ओटीपी सांगितला. आता माझ्या आरसीवर रंगनाथशेठचंच नाव आहे. जयमालाताईंचं नाव त्यावर नाही. आता कुणी आरसी बघून विचारायचं म्हटलं तरी विचारणार कुणाला?

परवा शेठनी गळ्यातली माळ काढून ऑफिसातल्या खिळ्याला अडकवली. मग बन्सीला हाक मारली. माझा मधला पट्टा बदलून आला, कव्हरं नवी चढली. धूप लावला गेला.

काल एक तरुण बाई आली. तिचं नाव निकिता. गोदावरीकाठच्या पुणतांब्याची. वस्त्यांवरची लहान मुलं गोळा करून शाळेत सोडायचं काम तिने नव्याने घेतलं आहे. माझ्या सीटवरून हात फिरवत ती म्हणाली, "पोरांना लई आवडंल." मग थांबून तिने विचारलंसुद्धा, "शेठ, गाडी कुठं बुडाली-बिडाली न्हाई ना? आमच्याकडं नदी हाय, मी असल्या गाड्या बघितल्यात."

"अहो, माझ्या घरच्या वापरातली हाय. आरसी बघा, माझंच नाव." शेठनी आरसी तिच्या हातात ठेवली. तिने नाव वाचलं आणि तिचा चेहरा मोकळा झाला. बाजारच्या दिवशी ती भावाला घेऊन मला न्यायला येणार आहे.

मित्रांनो, कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं तर त्यांना सांगा: कागद बघाच, पण कागदावर थांबू नका. मालकी आधी कुणाकुणाची होती ते शोधा. गाडीचा नंबर घेऊन विमा कंपनीत विचारा, हिची भरपाई कधी दिली होती का. सगळे पट्टे ओढा, पायाखालचा गालिचा उचला, काचा बंद करून तासभर उन्हात ठेवा आणि मग नाक आत घाला. विकणाऱ्याच्या तोंडी देवाचं नाव असेल तर त्या देवाला नमस्कार करा, आणि गाडी तरीही तपासा.

आणि आज घरी जाताना एका माणसाची आठवण मनात ठेवा. तुमच्यापैकी कुणाचा मामा, कुणाची आत्या पुणतांब्याला असेल. त्यांना आजच फोन करा. शाळेच्या मुलांसाठी गाडी बघणारी एक निकिता आहे तिकडे. बाजारच्या दिवसाआधी तिला गाठायचं आहे.